शंभरातले अठ्ठ्याण्णव घरी जातात

डॉक्टर गुजरातीत म्हणाले, "सोमांथी अठ्ठाणुं तो साजा थईने घरे जाय छे, माजी." मावशीने मान डोलावली. शेजारी बसलेला तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, मराठीत पुटपुटला, "म्हणजे दोन जातात." मावशीची डोलणारी मान तिथल्या तिथे थांबली.

हिशोब दोघांचा एकच होता. क्रियापदही एकच. डॉक्टरांच्या तोंडी 'जाणं' म्हणजे रिक्षा करून बडोद्यातल्या दांडिया बाजारात घरी जाणं, आणि भावाच्या तोंडी 'जाणं' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

मावशी 71 वर्षांची. हृदयातून मोठ्या धमनीकडे रक्त सोडणारी झडप कडक होऊन आकसली आहे. जिना चढला की दम लागतो, आणि एकदा देवपूजा करताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन हातातला तांब्या पडला. झडप बदलायची, असं डॉक्टरांचं मत पडलं. मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा शंभरातून अठ्ठ्याण्णव वजा केले की दोन उरतात हे मला भाऊ सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं असं नाही. तरी त्याचं वाक्य ऐकून माझ्याही पोटात गोळा आला. त्या गोळ्याबद्दलच लिहायचं आहे. धोक्याचा निर्णय घेताना आपण आकड्यावर जातो असं आपल्याला वाटतं, पण आकडा कोणत्या वाक्यात बसून आला आणि त्या वेळी आपला जीव कुठे होता, यावरच बरंच काही ठरून जातं.

शब्दांची ही ताकद मराठी माणसाला नवी नाही. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान रात्री बंद करत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना 'जातो' म्हटलं की आजी दारातून परत बोलवायची, "येतो म्हण." आजीला मानसशास्त्र येत होतं असं मी म्हणणार नाही. ती अपशकुनाला भीत होती, इतकंच. पण वस्तुस्थिती तसूभरही न बदलता, नुसता शब्द बदलून, अंगावरचा काटा खाली बसवता येतो, हे तिच्या रोजच्या वापरातलं होतं. विम्याचंच घ्या ना. पैसे मिळतात माणूस गेल्यावर आणि नाव आहे आयुर्विमा. 'मृत्युविमा' म्हणून विकायला काढला असता तर एजंटला कोणी चहाही पाजला नसता.

सहाशे माणसं आणि दोन वाक्यं

या गोष्टीची पद्धतशीर तपासणी केली दोन इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी, डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी. 1981 साली त्यांनी छापलेला एक प्रयोग आता या विषयाची बाराखडी झाला आहे. लोकांना सांगितलं: एक अनोळखी साथ येते आहे, 600 माणसं दगावतील असा अंदाज आहे. उपाय दोन आहेत. पहिला केला तर 200 जण नक्की वाचतील. दुसरा केला तर एक तृतीयांश शक्यता सगळे 600 वाचण्याची, आणि दोन तृतीयांश शक्यता एकही न वाचण्याची. तुम्ही काय निवडाल?

72 टक्के लोकांनी पहिला उपाय निवडला. हातातले दोनशे कशाला सोडायचे?

मग दुसऱ्या एका गटाला तीच साथ आणि तेच उपाय सांगितले, फक्त वाक्यं उलटी केली. पहिला उपाय केला तर 400 जण नक्की मरतील. दुसरा केला तर एक तृतीयांश शक्यता कोणीच न मरण्याची आणि दोन तृतीयांश शक्यता सगळे 600 मरण्याची. आता 78 टक्के लोकांनी दुसरा, जुगाराचा उपाय घेतला. चारशे माणसं आपल्या हाताने मृत्यूच्या पारड्यात टाकायची म्हटल्यावर कोणाचाच हात पुढे होईना.

दोनशे वाचणं म्हणजेच चारशे मरणं. वर्गात मी हा प्रयोग करायची तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून दाखवल्यावर मुलं हसायची. पण त्यातल्या एकीच चिठ्ठीवर निर्णय देऊन झालेला असायचा आणि तो देताना कोणीही हसलेलं नसायचं.

असं का होतं, याचं उत्तर त्या दोघांनी दोन वर्षं आधीच, 1979 मध्ये, मांडून ठेवलं होतं. माणूस एकूण जमा किती हे मोजत नाही. तो एक खुंटी ठोकतो आणि तिच्या वर काय मिळालं, खाली काय गेलं, एवढंच बघतो. खुंटीच्या वर असताना तो जपून वागतो, आहे ते पदरात पाडून घेतो. खाली गेला की तोच माणूस जुगारी होतो, कारण नक्कीचं नुकसान पचवणं त्याला जमत नाही. शेअर बाजारात वर गेलेला शेअर लगेच विकणारे आणि पडलेला वर्षानुवर्षं 'येईल, येईल' म्हणत सांभाळणारे काका तुमच्याही ओळखीत असतील. त्यांची खुंटी म्हणजे खरेदीचा भाव. बाजाराला तो भाव आठवतही नसतो.

शिवाय खुंटीच्या दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या नाहीत. शंभर रुपये हरवल्याची चुटपुट ही शंभर रुपये सापडल्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट असते. त्यांच्याच 1992 च्या मापनात तो आकडा सव्वादोन आला होता. म्हणून 'मरतील' या शब्दाला 'वाचतील' पेक्षा जास्त जोराचा धक्का असतो. ट्वर्स्की 1996 मध्ये वारले. 2002 चं अर्थशास्त्राचं नोबेल कानेमन यांना मिळालं, ट्वर्स्की हयात असते तर त्यांनाही मिळालं असतं हे सगळेच मानतात.

आमच्या प्रसंगाशी जवळचं नातं मात्र 1982 च्या एका अभ्यासाचं आहे. बार्बरा मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल प्रश्न विचारला: शस्त्रक्रिया की किरणोपचार? शस्त्रक्रियेत लांबचा फायदा जास्त, पण टेबलावरच दगावण्याचा धोका. एका गटाला सांगितलं की शस्त्रक्रियेतून 100 पैकी 90 जण पार पडतात, दुसऱ्या गटाला सांगितलं की 100 पैकी 10 जण त्यात दगावतात. मरणाच्या भाषेत सांगितल्यावर शस्त्रक्रिया निवडणारे ठळकपणे कमी झाले. उत्तरं देणाऱ्यांत रुग्ण होते, विद्यार्थी होते आणि डॉक्टरही होते. डॉक्टरही तितकेच घसरले. त्यामुळे आमच्या भावाला दोष देण्यात अर्थ नाही. आणि 'अठ्ठ्याण्णव घरी जातात' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी फसवलं असंही नाही. बिनचौकटीचं वाक्य अस्तित्वातच नसतं. कोणत्यातरी बाजूने बोलावंच लागतं.

मगर आणि स्कूटर

इथवर शब्दांचं झालं. आता पोटातल्या गोळ्याकडे येऊ.

बडोद्यात विश्वामित्री नदी गावाच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. एकदोन नाहीत, शेकडो. काळाघोडा पुलावर संध्याकाळी जाऊन बघा. स्कूटर कठड्याला टेकवून लोक खाली वाकून बघत असतात, "ती बघ, ती बघ, काठावर!" पोराला कडेवर घट्ट धरलेलं असतं, न जाणो, पडलं तर. आणि मगर बघून झाली की ते पोर पुढे उभं करून, मागे बायको बसवून, हेल्मेट आरशाला अडकवून स्कूटर फत्तेगंजकडे भरधाव निघते.

भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यांवर 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं मेली. त्यातली जवळपास 75 हजार दुचाकीवरची. मगरीने माणूस ओढून नेल्याची बातमी इकडे अधूनमधून येते, नाही असं नाही, पण ती बातमी होते ती विरळ असते म्हणूनच. तरीही पुलावर उभं राहिल्यावर हात घट्ट होतो तो मगरीसाठी. ही अक्कल कमी असल्याची खूण नाही. धोका आपल्याला आधी जाणवतो आणि मोजणी नंतर येते, तीही आली तर.

पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोक कशाला जास्त घाबरतात याचा नकाशाच काढला. 1987 च्या त्यांच्या लेखात दोन गोष्टी ठळक आहेत. एक, धोका किती भयानक वाटतो: आपल्या ताब्यात नसलेला, एकदम घाला घालणारा, मरण ओंगळ. दुसरी, तो किती अनोळखी आहे: न दिसणारा, नवा, परिणाम उशिरा दाखवणारा. मगर पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरते. स्कूटर कशालाच उतरत नाही. ती रोजची, हँडल आपल्या हातात, आणि आतापर्यंत काही झालेलं नाही.

दोन्ही कसोट्या एकदम लागल्या की काय होतं ते आम्ही 1994 च्या सप्टेंबरात पाहिलं. सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी ते शहर सोडलं. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथून बडोद्याला उतरले, तर त्यांच्या सख्ख्या बहिणीने त्यांना ओट्यावरच बसवलं. चहा दिला, पण कप परत घरात घेतला नाही. गावात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनाशा झाल्या. त्या साथीत मृत्यू झाले पन्नासच्या आसपास. मलेरिया आणि क्षय त्याच गुजरातेत त्याच महिन्यात निमूटपणे आपलं काम करत होते आणि त्यांच्यासाठी कोणी आगगाडी पकडली नाही. बहिणीला मी आजही नावं ठेवत नाही. तिची मुलं लहान होती आणि 'प्लेग' हा शब्द तिने आजीच्या तोंडून ऐकलेला होता.

भीतीची स्वतःचीही किंमत असते, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. 11 सप्टेंबर 2001 नंतर अनेक अमेरिकी लोकांनी विमान टाळून मोटार काढली. जर्मन संशोधक गेर्ड गिगेरेंझर यांच्या अंदाजाप्रमाणे पुढच्या वर्षभरात त्यापायी साधारण 1,500 माणसं जास्तीची रस्त्यावर मेली. विमानाला घाबरून.

2001 मध्येच जॉर्ज लोवेनस्टीन आणि सहकाऱ्यांनी हे एका लेखात नीट मांडलं. भावना ही हिशोबाच्या शेवटी येणारी शेपटी नाही, ती स्वतंत्र कारभार करते. तिचे नियम वेगळे असतात. उदाहरणार्थ, तारीख जवळ आली की भीती वाढते, धोका तेवढाच असूनही. मावशी महिनाभर आधी "करू या ना, त्यात काय" म्हणत होती. आणखी एक नियम असा की भावनेला शून्य आणि 'थोडंसं' यातला फरक फार मोठा वाटतो, पण 'थोडंसं' आणि 'पुष्कळ' यातला फरक फारसा कळत नाही. शिकागोकडच्या दोन संशोधकांनी लोकांना विचारलं: विजेचा झटका टाळायला किती डॉलर द्याल? झटक्याची शक्यता 1 टक्का असताना लोक 7 डॉलर म्हणाले, आणि 99 टक्के असताना 10. शक्यता नव्व्याण्णव पट झाली आणि भाव जेमतेम दीडपटीच्या आत. तेच 20 डॉलर गमावण्याबद्दल विचारलं तेव्हा उत्तरं आली 1 आणि 18. पैशाच्या बाबतीत लोक गणित करत होते. झटक्याच्या बाबतीत ते झटका डोळ्यांसमोर आणत होते, आणि डोळ्यांसमोर आलेलं चित्र टक्केवारी दाखवत नाही.

शंभरातले 'दोन' पोटात का टोचतात ते आता कळलं असेल. ते दोन नसतात. ती मावशीच असते.

सगळ्याच भावना एका दिशेला ढकलतात असंही नाही. जेनिफर लर्नर आणि डॅकर केल्टनर यांनी दाखवलं की घाबरलेला माणूस धोका वाढवून धरतो आणि चिडलेला माणूस कमी धरतो, जरी दोन्ही भावना वाईटच म्हणायच्या. चिडलेल्याला वाटतं की सूत्रं आपल्या हातात आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 25 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली, अकोट्याकडे एका छपरावर मगर जाऊन बसली, तेव्हाची आमच्या सोसायटीची मीटिंग मला आठवते. घाबरलेली बिऱ्हाडं घर विकायच्या गोष्टी करत होती. चिडलेले एक गृहस्थ टेबलावर मूठ आपटत होते आणि पुढच्या दिवाळीला त्यांनी त्याच तळमजल्याच्या पार्किंगमध्ये नवी गाडी आणून लावली. पाणी दोघांच्याही घरात सारखंच शिरलं होतं.

शंभर वर्षांतून एकदा

पुराचाच एक वाक्प्रयोग घ्या: 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर'. ऐकून बरं वाटतं. आजोबांनी पाहिला, आपण पाहिला, आता पतवंडं बघतील. पण अभियंत्यांच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच असतो की तेवढा पूर येण्याची शक्यता दर वर्षी 1 टक्का. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची रजा मिळत नाही. आणि नदीकाठी तीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलं असेल, तर ते फिटेपर्यंत असा पूर किमान एकदा बघण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. दर चार घरमालकांतला एक. 'शंभर वर्षांतून एकदा' आणि 'चारांतला एक' ही एकाच नदीची दोन वर्णनं आहेत, आणि घर विकणारा यातलं कोणतं वापरेल हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

अशीच एक जुनी हातचलाखी म्हणजे 'दुप्पट'. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बातमी खरी होती. जुन्या गोळीवर 7,000 बायकांमागे एकीला गुठळी होत होती, नव्या गोळीवर दोघींना. म्हणजे सात हजारांमागे एक जास्तीची. पण छापून आलं ते 'दुप्पट'. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्याच सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्तीचे झाले. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की गर्भारपणात आणि गर्भपातातही गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षा जास्त असतो. म्हणून 'दुप्पट', 'निम्मा', 'तीस टक्क्यांनी कमी' असे शब्द आले की मी एकच विचारते: कशाच्या?

भीती कोणत्या भाषेत वाटते

बडोद्याच्या मराठी माणसाला या विषयात रस वाटावा असा एक धागा राहिलाच. 2012 मध्ये शिकागो विद्यापीठातल्या बोअझ केसार यांच्या चमूने तोच 600 माणसांचा प्रश्न लोकांना परक्या भाषेत घातला. मातृभाषेत विचारल्यावर नेहमीचा घोळ झाला: 'वाचतील' म्हटलं की एक उत्तर, 'मरतील' म्हटलं की दुसरं. पण इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना जपानीत विचारलं, कोरियनांना इंग्रजीत विचारलं, तेव्हा तो फरक जवळजवळ पुसला गेला. परकी भाषा जरा लांबून ऐकू येते. तिच्यातला 'मृत्यू' शब्दकोशातला असतो, आपल्या घरातला नसतो.

हे वाचून मला डॉक्टरांची खोली आठवली. तिथे गुजरातीत अठ्ठाणुं ऐकताना मावशी शांत होती आणि मराठीत दोन ऐकताच थिजली. पण तेवढ्यावरून सिद्धांत बांधायचा मोह मी आवरते. एक तर दोन वाक्यं दोन वेगळ्या बाजूंची होती. दुसरं, मावशीला गुजराती परकी कुठे आहे? भाजीवालीशी ती त्याच भाषेत भांडते, आणि ज्या भाषेत भांडता येतं ती परकी राहत नाही. आमच्याकडे खरी परकी भाषा इंग्रजी. सही करायचा संमतीचा कागद नेमका त्याच भाषेत होता, आणि त्यावर काय वाटेल ते लिहिलेलं असलं तरी कोणाच्या पोटात गोळा येत नाही, कारण तो कोणी वाचतच नाही.

त्या दिवशी डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे गेल्यावर मी मावशीच्या फाइलचं पाठीमागचं कोरं पान काढलं आणि ठिपके द्यायला लागले. दहा ओळी, दर ओळीत दहा.

"रांगोळी काढतेयस?" मावशीने विचारलं.

"हो. शंभर ठिपके. शंभर बायका समज, तुझ्याच वयाच्या, तुझ्याच दुखण्याच्या. सगळ्यांनी ऑपरेशन केलं." आणि मी कोपऱ्यातल्या दोन ठिपक्यांवर फुल्या मारल्या.

मावशीने चष्मा पुढे ओढला. बराच वेळ ती पान बघत राहिली. दोन फुल्या दिसत होत्या, त्यांच्याभोवतीचे अठ्ठ्याण्णव ठिपकेही त्याच नजरेत दिसत होते. वाक्याला एक बाजू घ्यावीच लागते, चित्राला दोन्ही बाजू एकदम धरता येतात. धोका समजावून सांगणारे लोक असे ठिपके वापरतात ते त्यासाठीच. मावशीला ते सांगावं लागलं नाही, तिचा जन्म ठिपके जोडण्यात गेला आहे.

मग तिने जे विचारलं ते मी, भाऊ आणि डॉक्टर, तिघांपैकी कोणीच काढलं नव्हतं.

"आणि नाही केलं तर?"

आम्ही सगळे ऑपरेशनच्या दोनाकडे बघत बसलो होतो. न करणं म्हणजे जणू काहीच न घडणं, म्हणजे शून्य. ही त्या खुंटीचीच करामत. आजची स्थिती हीच खुंटी धरली की जे काही करायचं ते सगळं जोखमीचं दिसतं आणि न करणं फुकटचं. मी जाऊन डॉक्टरांना गाठलं आणि विचारून आले. झडप इतकी आकसल्यावर आणि चक्कर, दम सुरू झाल्यावर तशीच सोडली, तर दोन वर्षांत निम्मे रुग्ण राहत नाहीत.

दुसरं पान. पुन्हा शंभर ठिपके. मी फुल्या मारायला लागले. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर भाऊ म्हणाला, "ताई, पुरे. तिच्यासमोर कशाला?"

"पुरी कर," मावशी म्हणाली.

पाच ओळी भरल्या. दोन पानं तिने मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. ही तुलना अगदी चोख नाही, हे मी तिला सांगितलं. दोन फुल्या ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांतल्या आहेत, पन्नास दोन वर्षांत पसरलेल्या. ऑपरेशन झालेल्या अठ्ठ्याण्णवांनाही अमरपट्टा मिळत नाही. आणि कोणत्या ठिपक्यावर आपलं नाव आहे हे कागद सांगत नाही. तिने हाताने मला थांबवलं. तिचं बघून झालं होतं.

म्हणजे भावना बाजूला ठेवून निव्वळ आकड्यांवर चालावं का? माझ्या विद्यार्थ्यांना तसं वाटायचं आणि काही वर्षं मलाही. अँतोनिओ दामासिओ या मेंदुतज्ज्ञांनी आयोवात तपासलेल्या एका रुग्णाची हकिकत वाचल्यावर माझं मत बदललं. मेंदूच्या पुढच्या खालच्या भागाला इजा झालेली होती. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, बोलणं व्यवस्थित. गेलं होतं ते काही वाटणं. दामासिओंनी त्याला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. त्याने डायरी उघडली आणि जवळजवळ अर्धा तास तो दोन्ही तारखांची बरीवाईट कारणं मांडत बसला: दुसऱ्या भेटी, हवामान, आणखी काय काय. एकही कारण चुकीचं नव्हतं. फक्त कुठे थांबायचं हे त्याला आतून कोणी सांगत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, दुसऱ्या तारखेला या. तो "ठीक आहे" म्हणाला आणि उठला.

आमच्या डॉक्टरांनीही दोन तारखा दिल्या, बुधवार किंवा शुक्रवार. भाऊ फोनवर रजा, विमा आणि रक्त देणारी माणसं जुळवायला लागला. मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा पाहिलं.

"शुक्रवारी अमावास्या आहे. बुधवारी."

भाऊ तोंड उघडणार होता, मी त्याच्या पायावर पाय ठेवला. मावशीने तोवर पिशवीतून कागदाची पुडी काढली होती. लीलो चिवडा. बडोद्याचा माणूस दवाखान्यातही तो बरोबर नेतो.

"आई, डॉक्टरांनी खारट बंद सांगितलंय. धोका वाढतो," भाऊ म्हणाला.

मावशीने चिमूटभर चिवडा तोंडात टाकला.

"शंभरातले किती?"